धरणावर जेवायला बोलावलं तेव्हा

कापसाची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी होऊन पऱ्हाट्या उपटून झाल्या, की दादा आणि मी मोटरसायकलवर इसापूरच्या धरणावर मासोळी खायला जायचो. दर वर्षी फाल्गुनात, होळीच्या मागेपुढे एखाद्या रविवारी. आमचं गाव आर्णीजवळ. तिथून ते धरण चांगलं लांब आहे. आधी महागाव, मग पुसद, मग डोंगर. मासोळी काय, आर्णीच्या बाजारातही मिळते. पण आमचं ठिकाण तेच ठरलं होतं.

त्याचं कारण असं, की मी पुसदला कॉलेजात होतो. वसतिगृहातलं पातळ वरण खाऊन माझी पँट कमरेवर राहत नव्हती. अशात एके दिवशी दादा नवीन घेतलेली जुनी मोटरसायकल घेऊन फाटकाशी उभा. नवीन आमच्यासाठी, जुनी तिच्या आधीच्या मालकासाठी. मला वरून खालपर्यंत पाहून तो म्हणाला, "हे काय बाप्पा, कॉलेजात शिकून राह्यला का उपास करून राह्यला? बस मागं." आणि त्याने मला धरणावर नेलं. भिंतीच्या खालच्या अंगाला टिनाचं छप्पर, आत एक भोईण बाई आणि तिचा नवरा. त्या दिवशी मी किती भाकरी खाल्ल्या ते दादा अजून सांगतो, आणि दर वेळी एक वाढवून सांगतो.

मी सातवीत असताना वडील काविळीने गेले. दादा तेव्हा दहावीत होता. त्याने परीक्षा दिली नाही. कोणी त्याला तसं म्हटलं नव्हतं, तो एके दिवशी दप्तर खुंटीला लावून कोळपणीचा डवरा घेऊन वावरात गेला, एवढंच. नातेवाईक मायला म्हणाले, वावर विकून टाक, आर्णीत खोली घे, पोरं काहीतरी करतील. मायने ऐकलं नाही. तिचं एकच म्हणणं होतं, "वावर असलं तं पोरी चालत येतीन माह्या पोरायले. बिनावावराच्या घरी कोण पोरगी देते?" ती ज्या काळात वाढली त्या काळात ते खरं होतं. तिने वावर राखलं, दादाने ते कसलं, आणि त्यावर मी शिकलो. आमच्या घराण्यात पदवीधर झालेला मी पहिला. ही गोष्ट कुठे सांगायची वेळ आली तर मी आधी दादाचं सांगतो, मग माझं.

मला यवतमाळला सरकारी कचेरीत नोकरी लागून वर्ष होत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. कापसाची ती वाईट वर्षं होती. पेपर उघडला की आमच्या जिल्ह्याचं नाव पहिल्या पानावर असायचं आणि ते कधी चांगल्यासाठी नसायचं. बाहेरचे लोक गाड्या भरून यायचे, बांधावर उभे राहून फोटो काढायचे, दुपारच्या आत परत जायचे. आमच्या घरी तसलं काही झालं नाही. दादा ज्वारी, तूर आणि कापूस असं तिन्ही सांभाळून करायचा, लग्नकार्यात मिरवायचा नाही, दारूला शिवायचा नाही. आमचं घर उभं होतं. आमच्या घराला त्या वर्षांनी जे केलं त्याचा फोटो निघत नाही.

दादासाठी पोरगी मिळत नव्हती.

सुरुवातीला आम्हाला ते कळलंही नाही. सोयरे यायचे, वावर पाहायचे, विहीर पाहायचे, गोठा पाहायचे, माय कौतुकाने सगळं दाखवायची. मग निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. एवढ्या पत्रिका एका माणसाशी जुळत नाहीत हे आम्हाला जरा उशिरा विचित्र वाटलं. दादा तिशीकडे चालला होता. गावातली पोरं त्याला विचारायची, "काय भाऊ, औंदा?" तो म्हणायचा, "औंदा पाणी चांगलं सांगतलं म्हणते," आणि पुढे निघून जायचा.

मग उमरखेडकडचं एक स्थळ आलं. मुलगी बारावी झालेली, वडील कापूस लावणारे, घर आमच्यासारखंच. पाहायला दादाबरोबर मी गेलो. आमच्याकडे मुलीला मोठ्या माणसाने चार प्रश्न विचारायचे असतात. वडील नसल्यामुळे आणि मी शिकलेला म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी विचारलं, कोणते विषय होते, पुढे शिकायचं आहे का. ती खाली न पाहता नीट उत्तरं देत होती. वावरात जाता का, असंही मी विचारलं. ती म्हणाली, "परीक्षा नसली की कापूस वेचाले जातो आम्ही सगळेच." दादा दाराजवळच्या खुर्चीवर बसून सगळा वेळ आपल्या चपलांकडे पाहत होता. परत येताना मोटरसायकलवर मात्र तो गात होता. वाऱ्यामुळे मला शब्द ऐकू येत नव्हते.

पंधरवड्याने गावातल्या किराणा दुकानात फोन आला. मुलीच्या मामाचा. तो धरणाच्या काठच्या गावात राहायचा आणि त्या घरात त्याच्या शब्दाला वजन होतं. निरोप असा होता, की येत्या रविवारी दोघा भावांनी धरणावर यावं. सोबत मासोळी खाऊ, बोलू. लहान्याले नक्की आणा.

हा निरोप ऐकून आमच्या घरात काय झालं हे कळायला आमच्याकडची रीत माहीत पाहिजे. स्थळ पक्कं होईपर्यंत आमच्यात दोन्हीकडचे लोक एकमेकांकडे जेवत नाहीत. चहा होतो, फार झालं तर पोहे. पोट भरून एका पंगतीला बसणं म्हणजे होकार. कोणी तोंडाने 'हो' म्हणत नाही, जेवायला बोलावतात. मग साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची. त्यामुळे मायने निरोप ऐकला आणि चुलीपुढेच बसल्या बसल्या हात जोडले. "जेवाले बलावलं," ती म्हणाली. "झालं. पक्कं झालं माह्या पोराचं." संध्याकाळपर्यंत तिने आळीतल्या चार घरी गूळ वाटला. दादा तिला म्हणाला, "माय, थांब न जराशी." पण तो हसत होता. ती थांबावी असं त्यालाही वाटत नव्हतं.

'लहान्याले नक्की आणा' याचा अर्थ आम्ही तिघांनी एकच लावला. वडील नाहीत, बोलणी करायला शिकलेला भाऊ पाहिजे. दुसरा काही अर्थ असू शकतो हे आमच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं.

रविवारी सकाळी लवकर निघालो. दादाने केस कापून घेतले होते आणि आकाशी शर्टाला इस्त्री करून आणली होती. गाडी नेहमी तोच चालवायचा. किक मारून तो म्हणाला, "बसा साहेब. आज तुमच्या वहिनीची बोलणी हाय, जरा टाय-बिय लावाचा होता."

"टाय लावला तर मामा मलाच घाबरतील," मी म्हणालो.

"घाबरू दे. घाबरला तं लवकर तारीख देईन."

आम्ही दोघंही हसलो. महागावनंतर ऊन चढलं. पुसदच्या पुढे डोंगरात पळस फुलून गळायला लागला होता. मोहाची फुलं पडली होती आणि बाया टोपल्या घेऊन झाडाखाली वेचत होत्या, तो आंबूस गोड वास गाडी पुढे गेली तरी नाकात राहत होता. दादा मधेच मान वळवून बोलायचा. घरामागची खोली लिंपून घ्यायची. तिथे खिडकी पाडायची. ती बारावी झालेली आहे, तिला पेपर लागेल, आर्णीहून दुधाच्या गाडीत पेपर येतो का ते विचारायचं. मी मागे बसून हो हो म्हणत होतो. इतकं सलग बोलताना मी त्याला त्याआधी ऐकलं नव्हतं.

मामा आधीच येऊन बसला होता. पन्नाशीचा, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, हाताला शेतकामाचे घट्टे. त्याने दादाला राम राम केला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "या साहेब. तरास झाला असन."

भोईण मावशीने आम्हाला ओळखलं. "आले का भाऊ? औंदा उशीर केला." पाण्याच्या मोठ्या घमेल्यात मासोळ्या होत्या. निवडायचं काम दादाचं असायचं. तो गलफडं उघडून पाहायचा, लाल आहेत का, मग पोट दाबायचा. त्या दिवशी त्याने एक मोठी मरळ काढली आणि मावशीला हळू आवाजात सांगितलं, "मावशी, आज रस्सा नीट जमव. सोयरे हायेत. मुंडकं त्या टोपीवाल्याच्या ताटात वाढजो." आमच्याकडे मासोळीचं मुंडकं पंगतीतल्या मानाच्या माणसाला देतात. दादा तिथेच तिच्या चुलीजवळ उकिडवा बसला, मसाला कसा वाटते ते पाहायला. त्याला मामासमोर बसायची लाज वाटत होती.

म्हणून मामा आणि मी बाजेवर एकटे राहिलो. त्याने मला नोकरीबद्दल विचारलं. पक्की का, पेन्शन आहे का, बदली कुठे कुठे होते, यवतमाळला खोली कशी आहे, पाणी रोज येतं का. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, घराची चौकशी करतो आहे, रीतच आहे. मग त्याने विचारलं, "वावराच्या वाटण्या झाल्या का दोघांत?"

"नाही. दादाच पाहतो सगळं."

"म्हणजे अर्धं तुमच्या नावानं निंगन."

"निघेल. पण तसं कधी बोलणं झालं नाही."

"असावं," तो म्हणाला. "वावर असावं. आधार असते."

मी मान डोलावली. मायही हेच म्हणते, असंही मी त्याला सांगितलं.

ताटं आली. ज्वारीच्या भाकरी, लाल रस्सा, वेगळ्या ताटलीत तळलेले तुकडे. मुंडकं मावशीने सांगितल्याप्रमाणे मामाच्या ताटात वाढलं होतं. दादा माझ्या शेजारी येऊन बसला. मामाने ताटाला हात लावून नमस्कार केला, मुंडकं उचललं आणि माझ्या ताटात ठेवलं.

"जावयाचा मान," तो म्हणाला.

दादा हसला. मोकळं हसला, जसा चूक दुरुस्त करताना माणूस हसतो. "मामा, जावई इकडं हाय," तो म्हणाला आणि आपलं ताट जरा पुढे सरकवलं.

मामाने एक घास मोडला, रश्श्यात बुडवला आणि तसाच धरून ठेवला. मावशी पाणी घेऊन आली होती, ती तांब्या ठेवून निघून गेली. दादाचा हात अजून ताटाच्या काठावर होता.

"भाऊ," मामा त्याला म्हणाला, "राग मानू नोका. तुमी चांगले मानूस हा. मी गावात चौकशी केली, एकानंही तुमच्याबद्दल वाकडं सांगतलं नाही. पण पोरगी आमाले लहान्याले द्याची हाय. तिच्या मायबापाचंही तेच हाय. म्हणून तं जेवाले बलावलं."

दादा म्हणाला, "पाहाले तं मी आलतो."

"आलते. तवाच आमी घरात बोललो. पोरीले प्रश्न यायनं इचारले, तिनंही चांगले जवाब देल्ले." त्याने घास ताटात ठेवून दिला. "मी कास्तकार हो, भाऊ. म्हणून सांगतो. माही बहीण म्या कास्तकाराच्या घरी देल्ली. तिचे हात पाह्यले तुमी? माह्यापेक्षा मोठी दिसते ते, अन् हाय लहान. आता तिची पोरगी पुन्हा तिथंच देऊ? मले सांगा, तुमची बहीण असती तं तुमी देल्ली असती कास्तकाराले?"

दादाने पुढे सरकवलेलं ताट परत आपल्याकडे ओढलं. मला आजही वाटतं, त्याने खरं उत्तर दिलं असतं तर ते मामाच्या बाजूचं असतं.

मी म्हणालो, "हे जमणार नाही. दादाचं झाल्याशिवाय माझा विषय नाही. आणि त्याच्यासाठी पाहिलेली मुलगी तर मुळीच नाही."

"घाई नोका करू," मामा म्हणाला. "घरी इचारा. मोठ्याचंही पाहू न आपण. एखादी गरिबाघरची..."

"मामा," दादा म्हणाला, "जेवा. थंडं होऊन राह्यलं."

आणि तो जेवला. मला वाटलं होतं तो उठेल, गाडीला किक मारेल. तो उठला नाही. पंगत सोयऱ्याने बसवलेली आहे आणि सोयऱ्यासमोर ताटावरून उठायचं नसतं, म्हणून त्याने समोरची भाकर संपवली, दुसरी मागून घेतली, रस्सा चांगला झाला असं मावशीला सांगितलं. मामाला त्याने तळलेला तुकडा आग्रहाने वाढला. माझ्या ताटातलं मुंडकं तसंच राहिलं. ते मी खाऊ शकत नव्हतो आणि दुसऱ्याच्या ताटात ठेवूही शकत नव्हतो. निघताना मावशीने विचारलं, "मंग, लग्नाच्या मासोळ्या किती ठेवाच्या?" ती गंमत करत होती. दादा म्हणाला, "सांगतो मावशी. वरून निरोप आला का सांगतो."

आम्ही परत निघालो. पुसदच्या पुढे रस्त्याकडेला पाण्याची टाकी होती. दादाने गाडी लावली, नळाखाली डोकं धरलं, आणि ओल्या केसांनी माझ्यापुढे उभा राहिला.

"तू काहून बोलला?"

मला प्रश्न कळला नाही. "म्हणजे काय? मी हो म्हणायचं होतं का?"

"ते नाही म्हणत मी. त्यानं मले नाही म्हणलं. ठीक हाय, त्याची पोरगी हाय. त्याचं उत्तर म्या देल्लं असतं. म्या म्हणलं असतं, मामा, मलेच हे स्थळ जमत नाही, वरून तुमीही नाही म्हणता, तं बरोबरी झाली. तू मधात कायले पडला? दादाचं झाल्याशिवाय माह्यं नाही. म्हणजे मी काय, तुह्या दारातला धोंडा हो काय? त्याच्यासमोर तू मले भीक वाढली."

"दादा, तू माझ्यासाठी शाळा सोडली. मी एवढंही नाही करायचं?"

"म्या शाळा सोडली ते वावर होतं म्हणून. करनारं कोणी पाह्यजे होतं. तुह्यावर उपकार नाही केला अन् तू फेडू नको." मग त्याचा आवाज खाली आला. त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "ते जाऊ दे. आता घरी काय सांगाचं ते पाह्य. माय दारात बसली असन. गूळ वाटला तिनं."

"मी सांगतो तिला सगळं. मामाच तसा निघाला म्हणून सांगतो."

"काय सांगशीन?" तो म्हणाला. "का वावरापाई तुह्या पोराले पोरगी नाही? ज्या वावरासाठी ते सगळ्यायशी भांडली, बाप मेल्यावर विकलं नाही, त्याच्यापाई? अन् त्यायले वावर पाह्यजेच हाय, म्या चुलीपाशी आयकलं सगळं, फक्त वावरात जानारा नोको. मले सांग, हे तिले कोणत्या तोंडानं सांगशीन तू? साठीची हाय ते. तिच्याजवळ दुसरं काय हाय?"

नळ अजून गळत होता, तो मी बंद केला.

"तू काही बोलू नको," दादा म्हणाला. "मी पाहातो."

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. ओसरीवर माय आणि शेजारच्या दोन बाया बसल्या होत्या. गाडी बंद व्हायच्या आत मायने विचारलं, "कोन्ती तारीख निंगाली?"

दादाने गाडी स्टँडवर लावली. "तारीख नाही निंगाली. मी नाही म्हणून आलो."

"काय म्हणून आला?"

"मले नाही पसंत ते पोरगी."

माय उभी राहिली. तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मी हातातली पिशवी उगाच दुसऱ्या हातात घेतली. मग तिने दादाकडे पाहिलं. "पाहून आला तवा तं पसंत होती. रस्त्यानं गाणे म्हणत आला तू. यानं सांगतलं मले."

"तवा नीट पाह्यलं नव्हतं. माह्यापेक्षा शिकेल हाय. उद्या मलेच प्रश्न इचारन."

शेजारच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. माय जे बोलली ते सगळं इथे लिहिता येत नाही. तिने त्याला माजला म्हटलं. तुले कोन्ती इंद्राची परी पाह्यजे म्हटलं. लोक जेवाले बलावतात अन् हा त्यायच्या ताटात हात धुऊन नाही म्हणून येते, आता कोणाले तोंड दाखवू, असं म्हणून ती कपाळावर हात मारून खाली बसली. दादा हौदावर पाय धूत राहिला. आधी एक, मग दुसरा. पाय धुवायला एवढा वेळ लागत नाही.

मी इथे काय करायला हवं होतं याचा विचार मी पुष्कळ केला आहे. खरं सांगितलं असतं तर दादाच्या अंगावरचं सगळं उतरलं असतं आणि मायच्या अंगावर पडलं असतं. तो निवड करून मोकळा झाला होता. ती निवड मोडायचा अधिकार मला होता असं मला वाटत नाही.

त्या दोन बायांनी ती गोष्ट गावात नेली. गावातून ती सोयऱ्यांत गेली, सोयऱ्यांतून उमरखेडकडे. पोरगी नापसंत केली असं कळल्यावर मामा भडकला. त्याच्या जागी मीही भडकलो असतो. आपण नको म्हटलेला माणूस आपल्याच मुलीला नको म्हणाला असं चार लोकांत झालं तर कोण ऐकून घेईल? त्याने जिथे तिथे सांगितलं, की त्या घरचा मोठा घमंडी आहे, धाकट्याची नोकरी याच्या डोक्यात गेली. खरी गोष्ट काय झाली ते त्यानेही सांगितलं नाही, कारण पाहायला आलेल्या मुलाला सोडून त्याच्या भावाला मुलगी देऊ केली हे सांगण्यासारखं नव्हतं. त्यामुळे ती आम्हा तिघांत आणि मुलीच्या घरातच राहिली. पत्रिका न जुळण्याचे निरोपसुद्धा नंतर येईनासे झाले. ज्या वर्षांत वावर कसणाऱ्या पोरांना कोणी विचारत नव्हतं, त्या वर्षांत नखरे करतो अशी ज्याची ख्याती झाली, त्याच्याकडे कोण येणार होतं? मुलीचं लग्न पुढच्याच वर्षी राजूरला झालं, कोळशाच्या खाणीत परमनंट असलेल्या मुलाशी. ते दादानेच मला सांगितलं. "चांगलं झालं," तो म्हणाला. त्यात कडवटपणा नव्हता. तो मला आला.

आम्ही धरणावर पुन्हा गेलो नाही. मी एकदा विषय काढला तर तो म्हणाला, आता तिथं गर्दी असते म्हणते.

माझं लग्न पुढे यवतमाळच्याच एका कुटुंबात झालं. मुलीच्या वडिलांनी आमचं घर पाहिलं नाही, फक्त नोकरी पाहिली, आणि वावर किती आहे ते विचारलं. मोठा बिनलग्नाचा असताना धाकट्याचं कसं, असं लोकांनी विचारलं तेव्हा मायने सांगितलं, त्याले कराचंच नाही. माझ्या लग्नात आचाऱ्याशी भांडण्यापासून वरातीच्या बत्त्यांपर्यंत सगळं दादाने केलं. सगळे म्हणाले, भाऊ असावा तर असा. असं म्हणणाऱ्यांत मुली असलेले बापही होते.

हे मी त्याला विचारूनच लिहितो आहे. तो म्हणाला, "लिह्य. माय कुठं वाचते? फक्त कोणाचं नाव नको टाकू." माय आता पुष्कळ म्हातारी झाली आहे. घर दादा चालवतो, तिला औषध तो देतो, तिच्या केसांना तेल लावायला शेजारची सून येते. बोंडअळी गेली, दुसरी आली, तो अजून कापूस लावतो. माझी मुलं उन्हाळ्यात गावाला जातात तेव्हा माय त्यांना आणि माझ्या बायकोला घेऊन ओसरीवर बसते आणि हटकून वावराची गोष्ट सांगते. नवरा मेला तेव्हा सगळे विक म्हणत होते, पण तिने विकलं नाही. आणि मग, चांगल्या चांगल्या घरचे लोक कसे चालत आले. जेवायला बोलावलं होतं त्यांनी, ती सांगते. बारावी झालेली पोरगी होती. वावराकडं पाहूनच देत होते ते, यानंच नाही म्हणलं.

"सांग न यायले," ती अंगणात बसलेल्या दादाला हाक मारून म्हणते. "वावर पाहूनच आलते का नाही ते लोक?"

दादा विळ्याला धार लावत असतो, किंवा दुसरं काही करत असतो. तो वर पाहत नाही.

"वावर पाहूनच आलते, माय," तो म्हणतो. "मलेच समजलं नाही."

माय माझ्या बायकोकडे पाहून मान हलवते, आणि पुढची गोष्ट सुरू करते.